उरणचा किनारा आणि नशेचे कायदे

उरणच्या मोरा बंदरावर उभे राहून समोर पाहिले म्हणजे पाण्यापलीकडे मुंबई दिसते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तास-पाऊण तासात इकडे येऊन लागते. उजव्या अंगाला घारापुरीचे बेट आहे, न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन आहेत, आणि त्यामागे बेलापूर-पनवेलपर्यंत पसरलेली नवी मुंबई आहे. या पाण्यावरून मीठ गेले, तांदूळ गेला, हे आपण शाळेत शिकवतो. याच पाण्यावरून अफू गेली आणि मोहाची दारू गेली, हे सहसा शिकवत नाही.

व्यसनाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच उपदेश सुरू होतो. मला आज उपदेश करावयाचा नाही. नशेच्या वस्तूंचे सरकारने वेळोवेळी काय केले, एवढीच हकीकत सांगावयाची आहे. ही हकीकत ऐकताना तुम्ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक कायद्यात सरकारची नजर कशावर आहे ते पाहा. मालावर आहे, पैशावर आहे, की व्यसनात सापडलेल्या माणसावर?

प्रथम अफू घेऊ. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की चीक पाझरतो. तो वाळवून जो गोळा होतो ती अफू. आपण अनारशाला लावतो ती खसखस त्याच झाडाची. पण नशा बियांत नसते, चिकात असते. बंगालकडे, म्हणजे पाटणा आणि बनारस येथे, अफूचा सगळा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याच मुठीत ठेवला होता. माळव्याची गोष्ट निराळी. तेथली अफू पिकत होती शिंदे-होळकरांच्या मुलखात, आणि तेथे कंपनीचा मक्ता चालेना. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनीला वाटले, आता हा माल आपणच सगळा खरेदी करून टाकू. ते जमले नाही. व्यापारी मोठे बिलंदर. मुंबईची वाट अडवली तर ते उंटांवर माल लादून पाली, जैसलमेर असा मारवाडातला रेताड रस्ता धरीत, कराची गाठीत आणि तेथून गलबताने पोर्तुगीजांच्या दमणला जात. दमणहून माल चीनला रवाना होई. कंपनी बघत राही.

मग कंपनीने सावकारी हिशेब केला. माल अडत नाही, तर निदान जकात तरी पदरात पाडून घ्यावी. १८३० च्या सुमारास परवान्याची पद्धत निघाली. पेटीमागे ठरलेली रक्कम भरायची आणि मुंबई बंदरातून खुशाल चीनला माल पाठवायचा. १८३५ साली हा दर पेटीला १२५ रुपये होता. दर याहून वाढवला तर व्यापारी पुन्हा कराचीच्या वाटेला लागणार, म्हणून सरकारला तो वाढवता येत नव्हता. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला. कराचीची वाट आपोआप बंद झाली, आणि १८४७ पर्यंत पेटीचा दर ४०० रुपयांवर जाऊन बसला. शिक्षकबंधूंनो, सिंधचा धडा शिकवताना हे दोन आकडे फळ्यावर लिहून पाहा. लढाईची कारणे पाठ करण्यापेक्षा मुलांच्या ते अधिक लक्षात राहील.

ही अफू आपले व्यापारी विकत होते, यात लपविण्यासारखे काही नाही. त्या काळी या धंद्याला कोणी नावे ठेवीत नव्हते. सर जमशेदजी जीजीभाई यांची मोठी मिळकत कापूस आणि अफू यांच्या चीनशी चाललेल्या व्यापारातली. त्याच जमशेदजींच्या देणगीतून १८४५ साली मुंबईत जे रुग्णालय उघडले, त्याच्या जे. जे. या नावाशी खेड्यापाड्यांतला माणूसही परिचित आहे. कोकणातले किती रोगी त्याच्या पायऱ्या चढले असतील याची गणती नाही. एका किनाऱ्यावर माणसे अंथरुणाला खिळवायची आणि दुसऱ्या किनाऱ्यावर दवाखाना बांधायचा, असे आज कोणी म्हणेल. मला ते म्हणणे पुरते न्यायाचे वाटत नाही. पण तसे म्हणणारा माणूस त्या काळीही मुंबईतच होता. दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा यांच्या पेढीचे भागीदार होऊन विलायतेला गेले. दारू आणि अफू यांच्या नफ्यातला वाटा नको म्हणून त्यांनी ती भागीदारी सोडली. पुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना त्यांनी अफूच्या महसुलावर सडकून टीका केली.

चीनच्या बादशहाने १८३९ मध्ये कँटनजवळ वीस हजारांवर पेट्या नष्ट करविल्या, त्यावरून युद्ध पेटले, आणि युद्धात चीन हरला. नष्ट झालेल्या मालात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. पुढे १९०७ साली इंग्रजांनी आणि चीनने दहा वर्षांचा करार केला, दरसाल निर्यात कमी करीत न्यावयाची असे ठरले, आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू थांबली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे मुंबई बंदर हे नशेच्या मालाचे निर्यात-बंदर होते. आज न्हावा-शेव्याला अमली माल पकडला की आपण परदेशाला शिव्या देतो. तेव्हा हे पाणी उलट्या दिशेने वाहत होते, एवढे आठवावे.

सगळीच अफू चीनला जात नव्हती. परवान्याच्या दुकानातून ती इथेही विकली जाई. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आयाबाया पहाटे कामाला निघताना तान्ह्या मुलाला अफूची लहानशी गोळी देत. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आईला पाळी भरता येई. कोकणातून, घाटावरून गेलेल्याच त्या बाया. त्यांना निष्ठुर म्हणण्याआधी, दहा-अकरा तासांच्या पाळीत मुलाला सांभाळायला कोण होते, हे विचारले पाहिजे. गिरणीत पाळणाघर नव्हते आणि चाळीत सासू नव्हती.

अफूवर बंदी घालावी काय, हे ठरविण्यासाठी विलायत सरकारने १८९३ साली एक रॉयल कमिशन नेमले. त्याच वर्षी गांजा-भांगेसाठी दुसरे कमिशन बसले. या दुसऱ्या कमिशनने १,१९३ साक्षीदार तपासले आणि सांगितले की बेताने घेणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही, अतिरेकाने मात्र होते. तेव्हा सरसकट बंदी नको, कर आणि परवाना ठेवा. आमच्या प्रांतातला बराचसा गांजा नगर जिल्ह्यात होत असे. अफूच्या कमिशनचाही निकाल साधारण असाच, बंदी नको. दोन्ही कमिशने कसून हिंडली, यात शंका नाही. परंतु ज्या सरकारची तिजोरी त्या मालावर भरत होती, त्याच सरकारला ‘बंदी नको’ हा निकाल किती गोड लागला असेल, हेही उघड आहे.

आता उरणकडे वळू, कारण या गोष्टीतला सगळ्यांत मोठा अन्याय मला अफूत दिसत नाही, मोहाच्या फुलात दिसतो.

मोहाचे झाड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. फाल्गुन-चैत्रात रात्री त्याची फुले गळतात आणि पहाटे बायका-पोरे टोपल्या घेऊन ती वेचतात. फूल गोड, गरदार असते. कातकरी, ठाकूर, वारली ती फुले वाळवून ठेवतात, भाजून-शिजवून खातात, आणि पावसाळ्यात घरातले धान्य सरले की त्यांच्यावर दिवस काढतात. बियांचे तेल निघते. फुले पाण्यात भिजत घालून, आंबवून, मडक्यात शिजवली की दारूही निघते. तीही काढीत. लग्नाला, सणाला, देवाला, आणि खरे सांगायचे तर कधी कधी कारणावाचूनही. तेव्हा हे दूधपिते लोक होते आणि सरकारने त्यांना बिघडवले, असे मी म्हणणार नाही. पण झाड रानातले होते, फूल फुकटचे होते आणि दारू घरची होती. त्यात सरकारला दिडकी मिळत नव्हती.

उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या. त्यांचे मालक बहुतेक पारशी. फुले लांबून, पंचमहालाकडून येत. भट्टीवर सरकारी पहारा, दारूवर सरकारी कर, आणि तयार माल मुंबईला नि ठाणे-कुलाब्याच्या गुत्त्यांना. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्याने घरची भट्टी बंद केली आणि दारू गाळण्याचा हक्क मक्तेदाराच्या मोठ्या भट्टीपुरता ठेवला. ताडा-माडाच्या झाडांवरचा करही चढवला, म्हणजे स्वस्त ताडी महाग झाली आणि ताडी पिणारा भट्टीच्या कडक दारूकडे वळला. सरकारचे म्हणणे असे की महाग झाली म्हणजे लोक कमी पितील आणि महसूलही वाढेल. महसूल वाढला खरा.

एक अडचण उरली. उरणच्या दारूला दाम पडत होता आणि रानात तर मोह फुकट होता. मग कातकरी गुत्त्यावर कशाला जाईल? तेव्हा १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी एक वेगळा कायदा करण्यात आला, मोहाच्या फुलांचा कायदा. दारूचा नव्हे हो, फुलांचा! मोहाची फुले आणणे, विकणे, साठवणे यांवर बंधने आली. दारू गाळली नाही, नुसती फुले घरात सापडली, तरी माणूस गुन्हेगार. ज्या घरात ती फुले पावसाळ्याची बेगमी होती, त्या घरात अबकारीचा शिपाई शिरू लागला. आणि त्याच वेळी उरणच्या धक्क्यावर त्याच फुलांच्या राशी राजरोस उतरत होत्या, भट्टीसाठी.

आजचे रायगड, ठाणे, पालघर म्हणजे हाच मुलूख. येथल्या वाड्यांवर सरकारी माणसाची जी धास्ती होती, तिचे एक मूळ जंगलखात्यात आहे नि दुसरे अबकारीत, असे माझे मत आहे. मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे बरेच निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ साली उठवले. १८९२ पासून मोजा, एकशे एकोणतीस वर्षे झाली.

या सरकारी दारूविरुद्ध आपल्या लोकांनी आवाज उठवला नाही असे नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा १८८० साली त्यांनी लेखी तक्रार केली. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते आणि शेजारीच आरोग्याचा नाश करणारे दुकान उघडते, हा कोणता कारभार, असा त्यांचा मुद्दा होता. १९०८ च्या वसंतात पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन झाले, त्यात लोकमान्य टिळक पुढे होते. दारूबंदी ही नुसती धर्माची गोष्ट राहिली नाही, स्वराज्याची गोष्ट झाली, ती अशी. गुत्त्यावर न जाणे म्हणजे इंग्रजाची तिजोरी भरायला नकार देणे.

म्हणूनच काँग्रेसचे मंत्रिमंडळ मुंबईत आले तेव्हा दारूबंदी येणार हे ठरल्यासारखेच होते. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळातले डॉक्टर गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात बंदी आणली. गिल्डर स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यातले पुष्कळ लोकही पारशी. त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. पण त्याच सालच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमात राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले की औषधाखेरीज मादक पेये आणि आरोग्यास घातक अशी मादक द्रव्ये बंद करण्याचा प्रयत्न करावा. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. त्यात दारूबरोबर गांजा-भांग आणि अफूही आली.

पुढे काय झाले ते तुमच्या-आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. कायद्याविरुद्ध बालसरा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला. औषधी आणि प्रसाधनाच्या मद्ययुक्त वस्तूंवरची बंदी तेवढी रद्द केली. श्रीमंताला डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘प्रकृतीसाठी’ परवाना मिळू लागला. गरिबाला काळा गूळ आणि नवसागर मिळाला. मुंबईभोवतालच्या खाड्यांतली तिवरे दाट, पोलिसाला चिखलात पाय घालवत नाही, तेव्हा हातभट्टीला याहून चांगली जागा कोठली? भट्टीवाला, वाहतूक करणारा, अड्डा चालवणारा आणि हप्ता घेणारा अशी साखळी तयार झाली. १९६० नंतर महाराष्ट्राने हळूहळू परवाने सैल केले आणि आता गावोगाव दुकाने आहेत. कायदा मात्र कागदावर तोच आहे, नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले इतकेच. हातभट्टीही गेली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. सगळी हातावर पोट असलेली.

त्याच काळातली एक धडपड मात्र सांगण्यासारखी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. अफू खाण्याची चाल एकदम बंद करता येत नाही, शरीर बंड करते, हे १९४९ मध्ये सरकारला ठाऊक होते. म्हणून दहा वर्षांची मुदत ठरली. जुन्या अफूखोराची डॉक्टरी तपासणी करून त्याला कार्ड द्यावयाचे आणि त्या कार्डावर मोजकी अफू द्यावयाची. नवीन माणसाला मात्र द्यावयाची नाही. १९५९ मध्ये औषधाव्यतिरिक्त अफूची विक्री संपली. या व्यवस्थेत उणिवा होत्याच. पण सरकारी कागदावर अफूच्या शेरांबरोबर खाणाऱ्याचे नाव आणि त्याची प्रकृती लिहिली गेली. मला हे पाऊल मोठे वाटते.

पुढच्या पावशतकात चित्र पालटले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तिकडची अफू नवे रस्ते शोधू लागली. १९८० नंतर दोन-चार वर्षांतच मुंबईच्या गल्ल्यांत तपकिरी भुकटी मिळू लागली. तिला ‘गर्द’ म्हणू लागले. हे हेरॉइनचे हलके रूप. अफूखोर वर्षानुवर्षे संसार ओढतो. गर्द घेणारा पोरगा काही महिन्यांत घरातली भांडी विकतो. सरकार हादरले. १९८५ च्या सप्टेंबरात अमली पदार्थांचा नवा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. मोठ्या गुन्ह्यांना निदान दहा वर्षे शिक्षा. आजवर परवान्याच्या दुकानात मिळणारा गांजाही त्यात गुन्हा ठरला.

दुसऱ्या वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ ला, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉक्टर अनिता अवचट तेथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचटांनी गर्दच्या फेऱ्यात सापडलेल्या पोरांवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. कायद्याने ज्याला आरोपी म्हटले त्याला या लोकांनी रोगी म्हटले. तुमच्या गावातला एखादा माणूस तेथून बरा होऊन आलेला असू शकेल.

१९८९ च्या मे महिन्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. २६ मे रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. २९ मे रोजी अमली पदार्थांच्या कायद्याची दुरुस्ती लागू झाली. तिने जामीन फार कठीण केला आणि काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास फाशी सक्तीची केली. (ती सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.) त्याच दुरुस्तीत व्यसनी माणसासाठी एक लहानसे कलमही घुसले होते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

बंदर वाढले आणि नशेचा माल पेटाऱ्यात येऊ लागला. २०२० च्या ऑगस्टमध्ये न्हावा-शेव्याला १९१ किलो हेरॉइन पकडले. २०२२ च्या सप्टेंबरात ज्येष्ठमधाचा एक कंटेनर सापडला, त्याच्या काड्यांनाच हेरॉइनचा लेप होता. ऑक्टोबरात फळांच्या खोक्यांतून, सफरचंदांच्या आड, पन्नास किलो कोकेन निघाले. अधिकाऱ्यांची हुशारी वाखाणण्यासारखी. पण कंटेनरांच्या डोंगरातला प्रत्येक डबा उघडून बघणे शक्य नाही, आणि आता तर बंदराचीही गरज उरली नाही. मेफेड्रोन, ज्याला पोरे ‘एमडी’ म्हणतात, ते शेतात पिकत नाही, रसायनांपासून होते. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत ते कायद्याच्या यादीतच नव्हते, म्हणजे विकणाऱ्याला या कायद्याखाली धरताच येत नव्हते. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला एमडीचा कारखाना उघडकीला आणला. माळव्याच्या उंटांपासून कुरकुंभच्या पिंपांपर्यंत मालाने सारखे रूप बदलले, आणि कायदा प्रत्येक वेळी मागून धावला.

मालावरच नजर ठेवल्याचा आणखी एक परिणाम झाला, तो फार थोड्यांना माहीत आहे. मॉर्फिन हे दुखणे थांबवणारे उत्तम औषध अफूपासूनच होते. १९८५ च्या कायद्याने परवान्यांचे इतके जंजाळ उभे केले की रुग्णालये मॉर्फिन ठेवायला धजेनात. औषधाची अफू आपल्याच देशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने पिकत असताना कॅन्सरचे रोगी वेदनेने तळमळत होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट पुष्कळ मोकळी केली.

खेड्यातल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारूपुरती आपली एक वाट काढली आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. एकाला यश म्हणावे नि दुसऱ्याला अपयश, इतके हे सोपे नाही. ‘आडवी बाटली’ मात्र आपल्या राज्याने काढलेली खास युक्ती आहे. गावातल्या बायकांनी मागणी करायची, गुप्त मतदान घ्यायचे, आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्या. ही अट कठीण आहे. तरी गावांनी ती पुरी करून दाखवली आहे. १८८० साली जोतीरावांनी जी तक्रार कागदावर केली, ती आज बाई शिक्क्याने करते.

परंतु मतपेटीने दुकान बंद होते, व्यसनी बरा होत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू घेतात असे आढळले, आणि जे दारूच्या पूर्ण आहारी गेले आहेत त्यांच्यात अडतिसांमागे एकालाच काही उपचार मिळाला होता. सदतीस जण घरीच आहेत. त्यांतला एखादा तुमच्या आळीत असेल.

आता ते राहिलेले कलम, ६४-अ. पोरगा थोड्याशा गर्दसह किंवा एमडीसह सापडला, गुन्हा दाखल झाला, तरी त्याने आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचा उपचार घेतला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवता येत नाही. विकणाऱ्याला, मोठा साठा बाळगणाऱ्याला हे लागू नाही. गर्दच्या बाबतीत थोडा म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत, एमडीच्या बाबतीत दोन ग्रॅमपर्यंत. हे कलम १९८९ पासून कायद्यात आहे, पण ते ठाऊक असलेला पालक क्वचित भेटतो. मुलगा सापडला की घरचे लोक वकिलाकडे आधी धावतात, डॉक्टरकडे मागून. शिक्षकांना ते माहीत असले पाहिजे, कारण मुलाच्या वहीवरून, डोळ्यांवरून, गैरहजेरीवरून पहिला संशय त्यांनाच येतो. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक पोलिसांचा नाही. जवळचे मान्यताप्राप्त केंद्र कोणते, हे तेथे विचारता येते. मात्र उपचार अर्धवट टाकला तर ६४-अ ची सवलत काढून घेता येते. मुलाला केंद्रात पोचवायला जाल तेव्हा हे त्याच्या आईबापांना तेथेच नीट समजावून सांगा, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो पळून घरी आला तर त्याला दारातून हाकलू नका, पुन्हा नेऊन सोडा, हेही.